माणदेशाची लोकर गिरणीपर्यंत का पोहोचली नाही?

लोकरीच्या गिरण्या आणि त्यांच्याभोवती वसलेली कामगारांची गावं या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा मेंढरांचा मुलूख. तरी लोकरीच्या नावाजलेल्या गिरण्या निघाल्या कानपूरला, धारिवालला, ठाण्याला. असं का? (दहिवडी)

मेंढरं किती हे गिरणीवाला नंतर विचारतो, तंतूची जाडी आधी विचारतो. सुटाच्या कापडाला चालणारी मेरिनो लोकर साधारण १८ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते. आपल्या दख्खनी मेंढीचा तंतू त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही जाड. त्यातही सगळे तंतू सारखे नसतात. दख्खनी लोकरीची एक बट चिमटीत धरून उजेडाकडे बघा. मऊ तंतूंमधून काही राठ, सरळ, निस्तेज केस बाहेर आलेले दिसतील. हे केस आतून पोकळ असतात. पिंजण यंत्राच्या तारांत ते वाकत नाहीत, तुटतात आणि यंत्राखाली गळून पडतात. जे सुतात राहतात ते रंग नीट दाखवत नाहीत, आणि कापड अंगाला टोचतं.

दुसरी अडचण मालाची. दख्खनी मेंढी वर्षाकाठी अर्धा ते पाऊण किलो लोकर देते. आता हिशेब मांडा. दिवसाला १ टन लोकर ओढणारी आणि वर्षात ३०० दिवस चालणारी लहानशी गिरणी घेतली, तरी ३०० टन माल लागला. मेंढीमागे अर्धा किलो धरला तर ६ लाख मेंढ्यांची कातरण झाली. धुण्यात माती, तेल आणि काटेकुसळं जातात ती घट वेगळीच. शिवाय या मेंढ्या एका जागी नसतात. कळप हिंडत असतो आणि कातरण जिथे मेंढवाडा बसेल तिथे होते. गोळा करणाऱ्याला पोत्यात काळी, करडी, पांढरी सगळी सरमिसळ मिळते.

बाहेरच्या गिरण्यांचं गणित वेगळं होतं. कानपूरची गिरणी (पुढे ‘लाल इमली’ म्हणून ओळखली गेलेली) १८७६ साली निघाली ती फौजेची ब्लँकेटं डोळ्यांसमोर ठेवून. ठरलेलं गिऱ्हाईक, उत्तरेतली थंडी आणि जवळ राजस्थान-पंजाबची लोकर, असा मेळ तिथे बसला. तिच्या कामगारांची वस्ती मॅकरॉबर्टगंज या नावाने आजही कानपुरात आहे. पंजाबातल्या धारिवालच्या गिरणीला, म्हणजे १८८० सालच्या न्यू एजर्टन मिलला, कालव्याचं पाणी मिळालं. ठाण्याची रेमंड १९२५ ची, आणि तिला मुंबई बंदर हाताशी होतं. बारीक लोकर परदेशातून आणायची तर बंदराजवळ असणं सोयीचंच.

मग दख्खनी लोकरीचं झालं काय? ती हातात राहिली, आणि हातात ती शोभतेही. सूत कातणाऱ्या बाईची बोटं राठ केस सांभाळून घेतात, यंत्राला ते जमत नाही. ताण्याच्या सुतावर वर आलेले केस बसवायला चिंचोक्याची खळ आहे. चिंचोके भाजून टरफल काढायचं, दाणे भिजवून वाटायचे आणि पाण्यात शिजवून चिकट खळ करायची. ताणा उन्हात ताणून धरून कुंच्याने एकाच दिशेला ही खळ लावत जायची. खळ पातळ झाली तर वही (ताण्याचे धागे वर-खाली करणारी मागाची चौकट) उचलताना शेजारचे धागे एकमेकांत अडकतात आणि तटातट तुटतात. घट्ट झाली तर सूत कडक होऊन धोटा जाताना चिरतं. पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि तिला बुरशी धरते. म्हणून विणकराला उघडीप लागतेच.

सगळ्यात मऊ घोंगडी जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची. म्हसवडच्या बाजारात घोंगडी घेताना हे विचारून घ्यावं. जावळ म्हणून सांगितलेली प्रत्येक घोंगडी जावळाची असतेच असं नाही!

जतकडच्या माडग्याळ मेंढीविषयी दोन पत्रं आहेत. ती मटणासाठी जोपासलेली जात, अंगावर लोकर नावापुरती. मटणाला भाव आणि लोकरीला नाही, अशा दिवसांत कातरणावळही निघत नसेल तर मेंढपाळ माडग्याळकडे वळणारच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : वुलन आणि वर्स्टेड यात नेमका फरक काय? दुकानदार दोन्हींना ‘प्युअर वुल’च म्हणतो. (मिरज)

दोन्ही लोकरच, वाट वेगळी. लोकर आधी धुतली जाते, साधारण ५० ते ६० अंशांच्या पाण्यात, साबण आणि सोडा घालून. तिथे ढवळाढवळ केली की ती नमद्यासारखी गच्च बसते. म्हणून ती घुसळत नाहीत, एका हौदातून दुसऱ्या हौदात हलकेच सरकवतात. जुन्या काळी इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये या कामाला शिळं मूत्र वापरत. त्यातला अमोनिया तेलकटपणा काढतो.

पुढे वुलनच्या वाटेला आखूड तंतू जातात. ते पिंजून कसेही आडवेतिडवे राहू देतात आणि थेट सूत काढतात. सूत फुगीर, केसाळ. कापड विणून झालं की ते ओल्या साबणात कुटतात. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल, उष्णता आणि मार मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आवळून दाट होतं. जाड ब्लँकेटच्या किंवा कोटाच्या कापडात रुंदी तिसऱ्या हिश्शानेही कमी होऊ शकते, म्हणून माग आधीच रुंद ठेवावा लागतो. कुटून झालेलं कापड मोकळ्या मैदानात लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून वाळवत. यॉर्कशरच्या जुन्या नकाशात गिरणीशेजारी अशी मैदानं दाखवलेली असतात.

वर्स्टेडला लांब तंतू लागतात. पिंजल्यावर ते फणीने विंचरतात, आखूड तंतू बाहेर काढून वुलनवाल्याला विकतात, आणि उरलेले समांतर लांब तंतू ओढून घट्ट पीळ देतात. सुटाची गुळगुळीत पँट वर्स्टेडची, शाळेच्या ब्लेझरचं जाडसर कापड बहुधा वुलनचं. घरी बघायचं तर शिवणीच्या आतून एक धागा काढा आणि पीळ उलगडा. तंतू एका दिशेला सरळ निघाले तर वर्स्टेड. कापसासारखा पुंजका झाला तर वुलन.

विंचरण्याचं काम पूर्वी हाताने होई. १८४० ते १८६० च्या दरम्यान यंत्रं आली आणि यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड शहराचे हजारो हातविंचरे बेकार झाले. याच शहरातल्या मॅनिंगहॅम गिरणीत मजुरी कापली म्हणून १८९०-९१ च्या हिवाळ्यात मोठा संप झाला. त्यातूनच पुढे १८९३ मध्ये ब्रॅडफर्डलाच इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. गिरण्यांच्या वारशात इमारतींबरोबर हेही धरायचं असतं.

प्रश्न : किर्लोस्करवाडीला आपलं सॉल्टेअर म्हणता येईल का? (पलूस)

सॉल्टेअर म्हणजे ब्रॅडफर्डजवळचं, गिरणीभोवती वसवलेलं कामगारांचं गाव. तसं म्हणायला हरकत नाही, पण दोन्ही गावं शेजारी शेजारी ठेवून बघा.

टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा अल्पाका-लोकरीचा (अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला लोकरी प्राणी) कारखानदार. तो १८४८-४९ मध्ये शहराचा महापौर होता आणि त्याच सुमारास तिथे कॉलऱ्याची साथ आली. शहरात विखुरलेले आपले कारखाने एकत्र करून त्याने एअर नदीकाठी, कालवा आणि रेल्वे दोन्ही हाताशी असतील अशा जागी नवी गिरणी बांधली. ती १८५३ साली सुरू झाली. नाव सॉल्ट अधिक एअर. दर्शनी बाजू ५४५ फूट लांब, सहा मजली. गिरणी आधी, गाव मागाहून. पुढच्या वीसेक वर्षांत आठशेच्या वर दगडी घरं, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी ४५ घरं, न्हाणीघर-धोबीघर, वाचनालय-व्याख्यानगृह हे सगळं उभं राहिलं. गल्ल्यांना त्याच्या बायको-मुलांची नावं. दारूचं दुकान नाही. नकाशा हातात घेतला की हुद्द्याची उतरंड दिसते. मुकादमाचं घर ओळीच्या टोकाला, उंच. मधली घरं साध्या कामगारांची.

किर्लोस्करवाडी १९१० ची. बेळगावातून जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १० हजारांचं कर्ज दिलं. निवडुंग माजलेल्या माळावर नांगरांचा कारखाना आणि वस्ती दोन्ही उभी राहिली. सॉल्ट आधीच श्रीमंत होता आणि शहरातली घाण टाळायला बाहेर पडला. लक्ष्मणरावांना मुळात जागाच हवी होती. दोन्हीकडे रेल्वे मात्र दाराशी. आणि सॉल्टेअरला जसं वाचनालय होतं तसं वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी, काचेच्या कारखान्याची, याच मालिकेत बसते.

अशा गावांची एक बाजू कौतुकाच्या भरात राहून जाते. घर कारखान्याचं. नोकरी गेली की घरही गेलं. सॉल्टेअरच्या देखण्या ओळी बघताना हे लक्षात ठेवावं.

तुलना करायचीच असेल तर शाळेतल्या मुलांना एक काम द्या. गावाच्या नकाशावर पाणी, रेल्वे, कारखान्याचं फाटक, मालकाचं घर, कामगारांच्या ओळी, दुकान आणि शाळा या सात जागांवर खुणा करा. मग प्रत्येक ओळीच्या टोकापासून फाटकापर्यंत किती मिनिटं चालावं लागतं ते मोजा. भोंगा वाजल्यावर कोणाला धावावं लागे आणि कोणाला नाही, ते त्यातून कळतं.

सॉल्टेअरची गिरणी १९८६ ला बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेतली आणि तिथे डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचं दालन सुरू झालं. २००१ पासून गाव जागतिक वारसा यादीत आहे.

प्रश्न : वाड्यात जुन्या लोकरीच्या गोण्या सापडल्या. उघडाव्या का? (कऱ्हाड)

घाईने नको. ब्रॅडफर्डला लोकर निवडणाऱ्या कामगारांना ताप येई, छाती भरे आणि दोन-चार दिवसांत माणूस जाई. अल्पाका आणि मोहेरच्या (अंगोरा बकरीच्या केसांच्या) गोण्या उघडणाऱ्यांत हे जास्त. १८७९ च्या सुमारास डॉ. जॉन हेन्री बेल यांनी याचं मूळ अँथ्रॅक्समध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळपुळी किंवा फाशी रोगात, असल्याचं दाखवलं. जंतूचे बीजाणू धुळीबरोबर श्वासातून जात. मग गोणी आधी भिजवणं, जाळीच्या टेबलावर लोकर पसरून पंख्याने धूळ खालच्या बाजूला ओढणं आणि निवडण्याच्या खोलीत जेवण्यास बंदी असे नियम आले.

बीजाणू कोरड्या जागी दशकानुदशकं टिकतात. म्हणून गोणी झटकू नका, घरात ओतू नका. मूळ कुठलं हे माहीत नसेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आणि मेंढपाळांसाठी एक पक्की गोष्ट : एकाएकी मेलेल्या, नाका-तोंडातून काळसर रक्त आलेल्या मेंढीची लोकर कातरायची नाही, कातडं काढायचं नाही, ती फाडायचीही नाही. आधी डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न : घोंगडी खरी लोकरीची आहे का हे कसं ओळखावं? आणि कसर कशी रोखावी? (विटा)

ताण्याचा एक धागा आणि बाण्याचा एक धागा वेगवेगळे काढा, कारण भेसळ बहुधा एकाच बाजूला असते. चिमट्यात धरून पेटवा. लोकर कुरकुरत, हळू जळते, ज्योत काढली की बहुतेक विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राहिलेली काळी गोळी बोटांत चुरगळते. अॅक्रिलिक वितळून टोकाला टणक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं आणि मागे राखाडी राख राहते. हे घराबाहेर, पाण्याचं भांडं जवळ ठेवून करा.

धुवायची तर रिठ्याचं किंवा सौम्य साबणाचं कोमट पाणी. चोळू नका, पिळू नका, गरम पाण्यातून थंडात टाकू नका, नाहीतर वर सांगितलेले खवले अडकून घोंगडी आखडेल. ब्लीच तर मुळीच नको, त्यात लोकर चक्क विरघळते. सावलीत आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने ताणली जाते.

कसरीची अळी केसातलंच प्रथिन खाते. घडीच्या आतल्या अंधारात, घामाच्या डागांजवळ ती आधी सापडते. कडुलिंबाचा पाला ठेवा, पण त्यावर विसंबू नका. दोन-दोन महिन्यांनी घडी मोडून उन्हात पसरा आणि ब्रशने झाडा. कसर लागलीच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं.

प्रश्न : आमच्या भागातली एक जुनी गिरणी भंगारात जायच्या बेतात आहे. सुताची आहे, लोकरीची नाही. निदान काय काय टिपून ठेवावं? (सांगली)

सूत असो की लोकर, पद्धत एकच. हे काम आठवड्याभरात होऊ शकतं, म्हणून सविस्तर देतो.

मालकाची लेखी परवानगी घ्या. एकट्याने जाऊ नका. बॉयलरच्या नळ्यांवर पांढरं-राखाडी लेपाचं आवरण असेल तर ते अॅस्बेस्टॉस समजून हात लावू नका, झाडूही मारू नका. वरच्या लाकडी तक्तपोशीवर तेल मुरलेलं असतं. ती वरून धड दिसते, पण तुळईच्या टेकूपाशी कुजलेली असते. पाय नेहमी तुळईच्या रेषेवर.

पहिला दिवस कच्चा माल आत आला तिथून पक्का माल बाहेर पडला तिथपर्यंत चालत जाण्याचा. गोदाम, पिंजण, कताई, ताणा, खळ म्हणजे सायझिंग, साचेखातं म्हणजे मागांचं खातं, घडी. खाती ज्या क्रमाने लागली त्याच क्रमाने फोटो क्रमांक द्या. क्रम चुकला की पन्नास वर्षांनी कोणालाही काही कळत नाही.

प्रत्येक यंत्राचे चार फोटो पुरेत : पूर्ण पुढून, पूर्ण बाजूने, दातेरी चाकांचा भाग, आणि पाटी. पाटीवर कारखान्याचं नाव, गाव, साल आणि क्रमांक असतो. ओल्डहॅमचे प्लॅट ब्रदर्स, अॅक्रिंग्टनचे हॉवर्ड अँड बुलो, लोकरीच्या बाबतीत कीथलीचे हॅटर्सली अशी नावं सापडू शकतात. पाटी गंजलेली असेल तर तारेचा ब्रश मारू नका, अक्षरं जातात. ओल्या फडक्याने पुसून टॉर्चचा उजेड तिरपा टाका, अक्षरांची सावली पडते आणि नाव वाचता येतं. फोटोत एक मीटरची पट्टी हवीच. जिथे चाक बदलून सुताचा पीळ किंवा जाडी बदलत, त्या चाकाचे दाते मोजून लिहा. गिरणी कुठल्या नंबराचं सूत काढत होती याचा तो पुरावा.

छपराकडे बघा. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असेल तर काचा कुठल्या दिशेला आहेत ते होकायंत्राने टिपा. त्या उत्तरेला असतात, म्हणजे थेट ऊन येत नाही आणि रंग व तुटका धागा दिवसभर सारखा दिसतो. दोन दात्यांमधली पन्हळ ही अशा इमारतीची सगळ्यात कमजोर जागा. ती पानांनी तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. काही ठिकाणी बिडाचा पोकळ खांबच पावसाचं पाणी खाली नेतो. तो आतून गंजलेला बाहेरून कळत नाही. बीड वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतं. हातोडीने हलकेच ठोका : खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर दूर व्हा. तडकलेल्या बिडाला साधं वेल्डिंग करून घेऊ नका, शेजारी नवी तड जाते.

भिंतीत पिंपळ असेल तर ओढून उपटू नका, दगडासकट येतो. बुंधा कापा आणि मुळं हळूहळू मारा. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला सिमेंटचं प्लॅस्टर केलेलं आढळलं तर तेही लिहा. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि चांगली वीट पापुद्र्यांनी गळते. सातारा-सांगलीच्या निम्म्या वाड्यांचा घात या ‘दुरुस्ती’नेच केला आहे.

कागदांत हजेरीचं मस्टर, मजुरीचे दर, दंडाची वही आणि सायझिंगच्या खळीचं प्रमाण लिहिलेला तक्ता आधी शोधा. तो बहुतेक वेळा भिंतीवरच खडूने किंवा रंगाने लिहिलेला असतो आणि चुना मारताना जातो. जुन्या जॉबरला म्हणजे मुकादमाला, साचेवाल्याला, चात्या भरणाऱ्या बाईला यंत्रासमोर उभं करून ‘धागा तुटला की काय करत होता?’ एवढंच विचारा आणि हातांचा व्हिडिओ घ्या. चेहरा नंतर. ओळ थांबवायची खूण कशी होती, कानात बोळे घालत का, पाणी प्यायला किती वेळ मिळे हेही विचारा. यंत्र भंगारात गेलं तर निदान चाती, धोटा, फणी आणि ती पाटी या चार वस्तू मालकाकडून लेखी मागून घ्या. चारही मिळून एका पोत्यात मावतात.

प्रश्न : मुलगी लीड्सला आहे. लोकरीच्या गिरण्या पाहायला कुठे जावं? (सातारा)

लीड्समध्येच आर्मली मिल्स आहे. १८०५ मध्ये बेंजामिन गॉटने ती पुन्हा बांधली तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी वुलन गिरणी होती. आता तिथे संग्रहालय आहे. तिथून सॉल्टेअर रेल्वेने जवळ. ब्रॅडफर्डच्या एक्ल्सहिल भागातल्या मूरसाइड मिल्समध्येही औद्योगिक संग्रहालय आहे. शेजारच्या लँकेशरमध्ये हेल्मशोरला १७८९ ची कापड कुटण्याची गिरणी आहे. पाणचक्कीवर चालणारे जाड लाकडी हातोडे तिथे बघायला मिळतात. इटलीला जाणं झालंच तर शिओ गावी अलेस्सांद्रो रॉस्सीची १८६२ ची उंच गिरणी आणि १८७२ पासून वसवलेली कामगारांची नवी वस्ती आहे. पोर्तुगालमध्ये कोविल्याला १७६४ च्या शाही कापड-कारखान्याच्या जागेत विद्यापीठाचं लोकर-संग्रहालय आहे. वारंवार बदलतात म्हणून वेळा आधी फोन करून विचाराव्या, आणि यंत्रं कुठल्या दिवशी चालवून दाखवतात तेही. बंद माग बघून त्याचा आवाज कळत नाही.